एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल : लहान आयातदाराने काय पाहावे?

घनसावंगी, कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, अंबड या बाजारपेठांत लेस, बटणे, चेन, टिकल्या-मोती आणि शिलाई मशीनचे सुटे भाग विकणारे आमचे व्यापारी बांधव परदेशी माल रोज विकतात, पण तो स्वतः मागवणारा विरळाच. माल मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून येतो, हैदराबादच्या बेगम बाजारातून येतो, नाहीतर जालन्याच्या घाऊक दुकानातून उचलला जातो. आपल्या दुकानात पोहोचेपर्यंत त्याने दोन-तीन हात बदललेले असतात आणि प्रत्येक हाताने आपला नफा काढून घेतलेला असतो. यावर आयातीचा विषय काढला की एकच उत्तर मिळते : "भाई, आपल्याला कुठे अख्खा कंटेनर लागतो?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की अख्खा कंटेनर लागतच नाही. दोन-तीन घनमीटर मालसुद्धा समुद्रमार्गे रीतसर येतो, कारण एका कंटेनरमध्ये दहा-पंधरा व्यापाऱ्यांचा माल भरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. मात्र या पद्धतीत जे स्वस्त दिसते ते नेहमी स्वस्त नसते, आणि जे सोपे म्हणून सांगितले जाते त्यात कधी कधी सारे भांडवल बुडते. हे दोन्ही नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख.

पद्धत नवी नाही

सुरतेहून किंवा भिवंडीहून आपल्या गाठी येतात तेव्हा आपण कुठे पूर्ण ट्रक करतो? ट्रान्सपोर्टवाला वीस दुकानदारांच्या गाठी एका ट्रकमध्ये भरतो, प्रत्येकाची बिल्टी वेगळी करतो आणि भाडे वाटून घेतो. समुद्रावरही हेच चालते. जुन्या काळी आपल्या मुलखात हुंडेकरी असत. ठरलेल्या रकमेत माल पोहोचवणे आणि वाटेतील जकात भरणे, दोन्ही ते अंगावर घेत. निजामाच्या राज्यात मालाला करोडगिरीचा नाका ओलांडावा लागे. मनमाडला रुंद रुळांच्या गाडीतून उतरलेला माल जालन्याकडे येण्यासाठी लहान रुळांच्या गाडीत चढत असे. माल गोळा करणे, एकत्र नेणे, नाक्यावर सोडवणे आणि पुन्हा वाटणे ही चार कामे तेव्हाही होती, आजही आहेत.

फरक पेटीमुळे पडला. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन पहिले प्रसिद्ध कंटेनर जहाज निघाले. आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आज मराठवाड्याचा समुद्रमार्गे येणारा बहुतेक किरकोळ माल तिथेच उतरतो.

माल कसा येतो?

वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते. खोक्यांच्या आकारामुळे प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटरच माल बसतो. एकाच आयातदाराने तो घेतला तर त्याला एफ.सी.एल. म्हणतात. अनेकांचा थोडा-थोडा माल भरला तर एल.सी.एल. हे काम करणाऱ्या कंपनीला कन्सॉलिडेटर म्हणतात.

समजा, चीनच्या यिवू शहरातून बटणे, लेस आणि चेन घेतल्या. हे शहर किरकोळ मालाच्या प्रचंड घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथला बराच माल निंगबो बंदरातून निघतो. आपण आठ दुकानांतून घेतलेला माल आपला तिथला एजंट एका गोदामात गोळा करतो, खोकी मोजतो, वजन करतो आणि निशाणी घालतो. हे झाले एका खरेदीदाराचे एकत्रीकरण. पुढे हीच खोकी कन्सॉलिडेटरच्या गोदामात जातात आणि इतरांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये भरली जातात. हे झाले अनेकांचे एकत्रीकरण.

जहाज कंपनी संपूर्ण कंटेनरचे एकच बिल ऑफ लेडिंग कन्सॉलिडेटरच्या नावे देते. त्याला मास्टर बिल म्हणतात. कन्सॉलिडेटर आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळे हाऊस बिल देतो. ही आपली समुद्रावरची बिल्टी. न्हावा-शेव्याला उतरल्यावर कंटेनर उरण-पनवेल परिसरातील एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनात जातो. तिथे तो उघडून प्रत्येकाचा माल वेगळा ठेवतात. आपला कस्टम एजंट आपल्या नावाचे बिल ऑफ एंट्री भरतो, शुल्क चुकते होते, कन्सॉलिडेटर डिलिव्हरी ऑर्डर देतो आणि माल ट्रकमध्ये चढतो.

भाडे कशावर?

एल.सी.एल.चे भाडे घनमीटर किंवा टन, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते. १ घनमीटर म्हणजे १००० किलो असा हिशेब धरतात. ६० × ४० × ५० सेंटिमीटरचे लेसचे एक खोके ०.१२ घनमीटर होते. अशी २५ खोकी म्हणजे ३ घनमीटर. प्रत्येकी १५ किलोप्रमाणे वजन ३७५ किलोच भरते, म्हणून भाडे ३ घनमीटरचे. धातूच्या बटणांचे गणित उलटे. ३० सेंटिमीटर बाजूची २५ चौकोनी खोकी जेमतेम ०.६८ घनमीटर होतात, पण प्रत्येकी ३५ किलो धरले तर वजन ८७५ किलो होते. इथे वजन भारी पडते. शिवाय बहुतेक ठिकाणी किमान १ घनमीटरचे भाडे घेतलेच जाते. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याकडून खोक्यांची संख्या, लांबी-रुंदी-उंची आणि वजन लेखी मागावे. लेस सैल भरली तर आपण हवेचे भाडे देतो.

स्वस्त भाड्याचा फसवा दर

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चीनकडून भारताकडे येणाऱ्या एल.सी.एल. मालाचे समुद्रभाडे कधी कधी इतके कमी सांगितले जाते की विश्वास बसू नये. कधी तर भाडे शून्यच असते. ही मेहेरबानी नसते. विक्रेत्याकडून माल मिळवण्यासाठी कन्सॉलिडेटर तिकडे भाडे सोडतो आणि इकडे डिलिव्हरी ऑर्डर, कंटेनर उघडणे, हाताळणी, कागदपत्रे अशा दहा नावांनी वसूल करतो. माल स्टेशनात अडकलेला असल्यामुळे त्या वेळी घासाघीस करायला जागाच उरत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, बाजारभाव नव्हेत. समजा, एल.सी.एल.मध्ये प्रत्येक आयातदाराला एकदाच लागणारा खर्च १८,००० रुपये आहे आणि घनमीटरमागे ६,००० रुपये. मग १ घनमीटरला २४,००० रुपये पडतात. ३ घनमीटरला ३६,०००, म्हणजे घनमीटरमागे १२,०००. १० घनमीटरला ७८,०००, म्हणजे घनमीटरमागे ७,८००. पूर्ण वीस फुटी कंटेनर सर्व खर्चासह १,१०,००० रुपयांत पडत असेल, तर १५ घनमीटरच्या आसपास दोन्ही मार्ग बरोबरीत येतात. त्यापुढे अर्धवट भरलेला का होईना, पूर्ण कंटेनरच परवडतो.

यातून दोन धडे मिळतात. पहिला : माल जितका थोडा, तितका एकदाच लागणारा खर्च अंगावर येतो. तेव्हा घनमीटरचा दर विचारून थांबू नये, दुकानाच्या दारापर्यंतचा पूर्ण खर्च विचारावा. दुसरा : खरेदी शक्यतो सी.आय.एफ. अटीवर करू नये. त्या अटीत भाडे विक्रेता भरतो, म्हणून कन्सॉलिडेटरही तोच निवडतो आणि इकडची बिले मात्र आपल्याला येतात. एफ.ओ.बी. अटीवर घेतले तर कन्सॉलिडेटर आपण निवडतो आणि इकडचे सर्व खर्च आधीच कागदावर लिहून घेऊ शकतो. मात्र समुद्रभाड्याची पावती जपून ठेवावी. भाड्याचा पुरावा नसेल तर सीमाशुल्काच्या मूल्यांकनात एफ.ओ.बी. किमतीच्या २० टक्के भाडे धरले जाते, विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के विमा धरला जातो, आणि शुल्क त्या वाढीव किमतीवर बसते.

"किलोभावाने घरपोच" : इथे सावध!

कन्सॉलिडेटरचा हा रीतसर मार्ग कटकटीचा वाटतो, म्हणून आमचे अनेक बांधव दुसऱ्या मार्गाला लागतात. एक एजंट भेटतो. तो सांगतो की लायसन्स नको, कस्टम नको, जी.एस.टी. नको, किलोला इतके रुपये द्या, माल भिवंडीच्या गोदामात घ्या. दहा-वीस दुकानदारांचा माल तो कुणा एकाच्या नावावर, अनेकदा भलत्याच वर्णनाने आणतो. कंटेनर इथेही एकच आणि माल अनेकांचा. पण कागदावर मालक एकच, आणि तो आपण नसतो.

आमच्या ओळखीच्या एका शिवणसाहित्याच्या दुकानदाराने असाच माल मागवला. सणाच्या हंगामासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे केले होते. त्या एजंटचा कंटेनर तपासणीत अडकला. त्यात इतर कोणाचा काय माल होता, हे या गृहस्थाला शेवटपर्यंत कळले नाही. एजंटने फोन उचलणे बंद केले. तक्रार करावी तर हातात ना हाऊस बिल, ना बिल ऑफ एंट्री, ना पैशांची पावती. माल आपलाच आहे हे सिद्ध करायला एक चिठोरेही नव्हते. दुकान टिकले, पण ते दागिने सोडवायला त्याला तीन वर्षे लागली.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. खोटे वर्णन देऊन आणलेला माल सीमाशुल्क कायदा १९६२ नुसार जप्त होऊ शकतो आणि दंडही होतो. २०१७ च्या दुरुस्तीने 'आयातदार' या व्याख्येत मालाचा खरा लाभधारकही आणला आहे. तेव्हा नाव दुसऱ्याचे होते, ही सबब पुरेशी ठरेलच असे नाही. शिवाय पैशांचा साधा हिशेबही बघावा. रीतसर आयातीत भरलेला आय.जी.एस.टी. आपल्या जी.एस.टी. क्रमांकावर बिल ऑफ एंट्री असेल तर जमा म्हणून परत मिळतो. किलोभावाच्या मालात हे क्रेडिट मिळत नाही. जे वाचल्यासारखे वाटते त्यातले बरेचसे असे निसटते.

रीतसर मार्ग तेवढा अवघड नाही

आयातीसाठी आय.ई.सी. क्रमांक लागतो. तो पॅन कार्डावरच मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो आणि सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. काही बदल नसला तरी तसे कळवावे लागते, नाहीतर क्रमांक निष्क्रिय होतो. चालू खाते आणि जी.एस.टी. नोंदणी बहुतेकांकडे असतेच.

शुल्काचा हिशेब असा होतो : मालाची किंमत, भाडे व विमा मिळून मूल्य ठरते. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर आय.जी.एस.टी. प्रत्येक मालाचा दर वेगळा असतो व तो बदलतो. उदाहरण म्हणून, २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारच्या होजिअरी विणीच्या कापडावर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते शुल्क लावले गेले. हे न पाहता ज्याने स्वस्त कापड मागवले, त्याचा नफा बंदरातच संपला असेल. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी कस्टम एजंटला मालाचा नमुना दाखवून त्याचा एच.एस. क्रमांक, त्या दिवसाचा दर आणि भारतीय मानक चिन्हाची सक्ती आहे का, हे विचारून घ्यावे.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत भरायचे असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. दोन घनमीटर मालाला ही रक्कम जीवघेणी आहे. मशीन लाकडी पेटीत येत असेल तर त्या लाकडावर आय.एस.पी.एम.-१५ चा शिक्का आहे का, हे निघण्यापूर्वीच फोटो मागवून पाहावे.

सहप्रवाशाचा उपद्रव

सामायिक कंटेनरमध्ये माल आपला असला तरी नशीब काही अंशी सामायिक असते. एका वर्षी आम्ही जरीची लेस मागवली, सुमारे ४ घनमीटर. आमचे कागद चोख होते. पण त्याच कंटेनरमधील दुसऱ्या कोणाच्या मालाबद्दल शंका निघाली आणि कंटेनर उघडण्यापूर्वीच बारा दिवस थांबला. लेस सुखरूप आली, पण ईद होऊन गेली होती. तो माल आम्ही लग्नसराईत कमी नफ्यावर काढला.

जहाजावरील संकटही असेच सर्वांचे असते. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. सुटकेचा खर्च मालधारकांनीही वाटून घ्यावा, असे जहाजमालकांनी जाहीर केले. सागरी व्यापाराचा हा जुना नियम आहे. त्याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. आपला माल सुखरूप असला तरी वाटा द्यावा लागतो, आणि हमी दिल्याशिवाय माल हाती मिळत नाही. २५ मे २०२५ रोजी 'एम.एस.सी. एल्सा ३' हे जहाज ६४० कंटेनरांसह केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा-शेव्याकडेच येणाऱ्या 'वान हाय ५०३' जहाजाला केरळच्या समुद्रात आग लागली. म्हणून विमा हा खर्च समजू नये. मालाची किंमत आणि भाडे यांवर १० टक्के जास्त धरून, सर्व जोखमींचा विमा घ्यावा. जनरल अ‍ॅव्हरेजचा वाटाही त्यात येतो.

वेळेचा हिशेब तर आपल्या बांधवांनी विशेष लक्षात ठेवावा. चिनी नववर्ष अमावस्येला असते आणि आपला रमजान चंद्रदर्शनाने सुरू होतो. २०२६ साली ते नववर्ष १७ फेब्रुवारीला, २०२७ साली ६ फेब्रुवारीला, तर २०२८ साली २६ जानेवारीला. या तिन्ही वर्षी रमजानची सुरुवात त्याच आठवड्यात येते. म्हणजे इथे मागणी सुरू होते तेव्हा तिकडचे कारखाने बंद असतात. ईदचा माल नोव्हेंबरातच ठरवून डिसेंबरात जहाजावर चढला पाहिजे.

पाच जणांनी मिळून

वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहू. पाच दुकानदारांनी प्रत्येकी ३ घनमीटर माल वेगवेगळा एल.सी.एल.ने आणला तर पाच वेळा ३६,००० म्हणजे १,८०,००० रुपये जातात. त्याच पाच जणांनी एक भागीदारी संस्था काढून १५ घनमीटरचा स्वतःचा कंटेनर आणला तर १,१०,००० रुपये. ७०,००० रुपये वाचले, आणि कंटेनरमध्ये परक्याचा मालही नाही. संस्थेचा पॅन, जी.एस.टी. आणि आय.ई.सी. स्वतंत्र असावा, आयात संस्थेच्या नावे व्हावी आणि संस्थेने प्रत्येक भागीदाराला बिल करून माल द्यावा. एकाच्या आय.ई.सी.वर पाचांचा माल 'विश्वासाने' आणणे, ही शराकत नव्हे. ती तर त्या एजंटचीच पद्धत झाली.

करारनाम्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : भांडवल कोणी किती घातले, खर्च घनमीटरवर वाटायचा की किमतीवर, माल खराब निघाला वा उशिरा आला तर नुकसान कसे वाटायचे, आणि ऐनवेळी एकाने माघार घेतली तर त्याची जागा कोणी भरायची. सख्ख्या भावांतही हे लिहून घ्यावे. व्यवहार लिहून ठेवावा, ही आपल्या घराघरातली जुनी शिकवण आहे. ती पाळली की मैत्रीही टिकते.

आपल्या भागासाठी

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता जालन्याजवळून जातो. बंदरापासून घनसावंगीपर्यंतचे अंतर तेवढेच असले तरी दिवस कमी लागतात. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २५ डिसेंबर २०१५ रोजी झाली. त्या कामाला किती विलंब झाला, हे जालनेकरांना सांगण्याची गरज नाही. पण एक गोष्ट आपल्या व्यापारी संघटनांनी आतापासून लावून धरली पाहिजे. सळई आणि बियाण्यांच्या मोठ्या उद्योगांना पूर्ण कंटेनर भरता येतो. आपल्याला तिथे लहान माल गोळा करणारे, उघडणारे आणि वाटणारे गोदाम हवे. ते नसेल तर तीन घनमीटरवाल्याला ड्राय पोर्ट दारात असूनही उरणलाच जावे लागेल.

सारांश एवढाच : कंटेनर वाटून घ्या, भाडे वाटून घ्या, पण नाव वाटून घेऊ नका. हाऊस बिल आपल्या नावाचे, बिल ऑफ एंट्री आपल्या नावाचे, विमा आपल्या नावाचा आणि इकडचे सर्व खर्च आधी लेखी. या चार कागदांसाठी दोन महिने थांबावे लागले तरी थांबावे. पहिल्या खेपेला दोनच घनमीटर माल आणावा, तोही असा की जो आपण वर्षानुवर्षे विकत आलो आहोत आणि ज्याची प्रत हाताला कळते. त्यात नफा थोडा झाला तरी चालेल, वाट माहीत होते. घनसावंगीच्या लहान दुकानदाराला आयातीचा दरवाजा बंद नाही. तो स्वतःच्या नावाने उघडावा, एवढेच.